चार रुपये महिना आणि विकेटला आठ आणे

आमच्या चारकोपच्या गल्ल्यांमध्ये क्रिकेटचा एक कायदा आहे, तो कुठेही लिहिलेला नाही. ज्याची बॅट, त्याची पहिली बॅटिंग. ऐंशीच्या दशकात म्हाडाने वर्ल्ड बँकेच्या कर्जातून ही वस्ती आखली. छोटे छोटे प्लॉट आणि मधे मोकळा चौक. त्या चौकात रविवारी सकाळी हा कायदा काटेकोरपणे पाळला जातो. ज्याच्याकडे बॅटही नाही आणि बॉलही नाही, त्याला खेळायला घेतात, पण त्याने बॉलिंग टाकायची आणि बॉल गटारात गेला की काढायचा. बॅटिंग आलीच तर शेवटी. तोवर कुणाच्या तरी आईची हाक आलेली असते.

हे पाहताना मला दर वेळी पालवणकर बाळू आठवतात. 'लगान' पाहिलेल्यांना कचरा आठवेल. लुळ्या हाताचा, गावाबाहेरचा, ज्याला संघात घ्यायला गाव तयार नसतं. ते पात्र बाळूंवरून सुचलं असं बरेच जण म्हणतात. पण खरे बाळू कुणाच्या दयेवर संघात आले नव्हते, आणि त्यांच्या हातात काही दोषही नव्हता. सिनेमातल्या कचऱ्याला एका सामन्यात न्याय मिळतो. बाळूंना तो पंधरा वर्षांत पुरता मिळाला नाही.

जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. जात चांभार. मूळ गाव कोकणातलं पालवण, म्हणून पालवणकर. आम्हा कोकणी मुसलमानांची आडनावंही अशीच गावावरून पडलेली असल्यामुळे मला हा माणूस पहिल्यापासून शेजारचा वाटत आला. वडील लष्कराच्या नोकरीत, त्यामुळे पोरं पुण्याच्या छावणीत वाढली. छावणीत गोऱ्या सोल्जरांचं क्रिकेट, त्यांनी टाकून दिलेलं सामान, आणि त्यावर खेळणारी बाळू व शिवराम ही भावंडं. शाळा लवकरच सुटली.

पहिली नोकरी पुण्यातल्या पारशांच्या क्लबात. मैदान झाडायचं, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, महिना तीन रुपये. कधीतरी सभासदांना सरावासाठी चेंडू टाकायचे. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले, तिथे महिना चार रुपये. काम तेच: खेळपट्टी तयार करायची, नेट लावायचं, टेनिसच्या रेघा आखायच्या. आणि रोज, तासन् तास, साहेब लोकांना चेंडू टाकायचे.

बाळूंना सगळे शिंदे-जोशी म्हणावं तसे पालवणकर म्हणत नसत, बाळू म्हणत. धावफलकावरही 'पी. बाळू' असंच छापून येई, जणू बाळू हेच आडनाव. पुढे भावांचंही तसंच झालं, पी. शिवराम, पी. विठ्ठल. त्या काळी इंग्लंडातही अशीच एक रीत होती. पैसे न घेता खेळणारे ते 'जंटलमन', पैसे घेऊन खेळणारे ते 'प्लेयर'. दोघांची ड्रेसिंगरूम वेगळी, मैदानात उतरण्याचं फाटक वेगळं, आणि छापील यादीत नावाची आद्याक्षरं जंटलमनच्या आडनावाआधी तर प्लेयरच्या आडनावानंतर. हा भेद तिकडे १९६२ च्या हंगामापर्यंत टिकला. त्यातही फलंदाजी ही सभ्य गृहस्थाची कला आणि गोलंदाजी ही अंगमेहनत, ही समजूत मुरलेली. विल्फ्रेड ऱ्होड्ससारखा जगातला अव्वल डावखुरा फिरकीवाला पगारी होता. उन्हात दिवसभर हात फिरवणं हे कामगाराचं काम. पुण्यात त्यावर जातीचा आणखी एक थर चढला, एवढंच.

पूना क्लबात कॅप्टन ग्रेग नावाचा एक अधिकारी होता. बुटका, चपळ, त्या काळच्या हिंदुस्थानातला गोऱ्यांचा सगळ्यात पक्का फलंदाज. (उतारवयात हा गृहस्थ फौज सोडून कॅथलिक धर्मगुरू झाला, पण ती वेगळी गोष्ट.) ग्रेग रोज इतरांच्या आधी तासभर येऊन बाळूंसमोर सराव करायचा. दर वेळी आपल्याला बाद केलं की तो बाळूंना आठ आणे द्यायचा असं सांगतात. हिशोब करून पाहा. महिन्याचा पगार चार रुपये, म्हणजे आठ विकेटांत महिन्याचा पगार. आता हा आकडा खरा असो वा दंतकथा, त्यातून बाळूंची गोलंदाजी घडली हे खरंच. मोठा गोलंदाज व्हायला मोठा फलंदाज समोर लागतो, आणि तो त्यांना रोज मिळत होता. चेंडू दोन्हीकडे वळवायचा, वेग सहज कमीजास्त करायचा, टप्पा मात्र हलू द्यायचा नाही. पुढे बाळूंनीच सांगितलेलं आहे की इतक्या वर्षांत पूना क्लबात त्यांच्या हाती बॅट एकदाही दिली गेली नाही.

पुण्यातल्या हिंदूंचाही एक क्लब होता आणि त्यांना गोऱ्यांना हरवायचं होतं. गोऱ्यांच्याच मैदानावर तयार झालेला गोलंदाज शहरात आहे हे त्यांना ठाऊक होतं. अडचण जातीची. क्लबातले काही तेलुगू सभासद बाळूंना घ्या म्हणत होते, काही ब्राह्मण सभासद नको म्हणत होते. शेवटी जिंकायची इच्छा मोठी ठरली. बाळू संघात आले आणि तोडगाही असा निघाला की तो वाचताना आजही घास अडकतो. मैदानात सगळ्यांनी एकच चेंडू हाताळायचा. चहाची वेळ झाली की इतरांनी पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून प्यायचा आणि बाळूंना तो बाहेर, साध्या मातीच्या भांड्यात, जे नंतर फेकून द्यायचं. जेवणाची पंगत वेगळी. तोंड धुवायला पाणी हवं तर ते अस्पृश्य नोकरानेच आणून द्यायचं.

चेंडूला मात्र विटाळ होत नव्हता. आणि तो तर चामड्याचाच.

इथे एक गोष्ट कबूल करतो. हे वाचून आपल्यापैकी बरेच जण मनात म्हणतात, आमच्यात हे नाही, एका सफेत सगळे उभे राहतात. खरं आहे, सफेत राहतात. पण कोकणात माझ्या आजीच्या घरी पडवीच्या कोनाड्यात एक कपबशी पालथी ठेवलेली असायची. ती कुणाची, हे आम्हा पोरांना विचारावं लागलं नाही. घरकामाला आणि लाकडं फोडायला येणाऱ्यांची. आजी पाच वक्ताची नमाजी, दानधर्म करणारी, हाताने वाढणारी बाई. तरीही ती कपबशी कोनाड्यातून आत आली नाही. आणि बिरादरीबाहेर लग्न ठरवायची वेळ आली की 'हाड' बघणारे लोक आपल्याकडे आजही आहेत. महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी राहिली ती उगाच नाही. तेव्हा बाळूंची गोष्ट ही फक्त 'त्यांच्या' घरातली म्हणून मी सांगत नाही.

बाळूंमुळे पुण्याचे हिंदू गोऱ्यांना हरवू लागले. साताऱ्याच्या जिमखान्याशी सामना होता तेव्हा तिथल्या गोऱ्यांनी बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून खेळपट्टीवर आठवडाभर रोलर फिरवून घेतला म्हणतात. त्यांनी तरीही सात बळी घेतले. लोकांनी हत्तीवरून मिरवलं. पुण्यात सत्कार झाला, त्या सुमारास न्यायमूर्ती रानड्यांनी सुनावलं की ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायला काय हरकत आहे. रानडे १९०१ मध्ये वारले, म्हणजे ही गोष्ट त्याआधीची. मिरवणूक झाली, भाषण झालं. जेवणाचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे.

१८९६ ला पुण्या-मुंबईत प्लेग आला आणि बाळू मुंबईत आले. इथे पी. जे. हिंदू जिमखाना नुकताच, १८९४ मध्ये, उभा राहिला होता. तिथेही वाद झाला, तिथेही एका जाणत्या कर्णधाराच्या, कीर्तिकरांच्या आग्रहाने त्यांना प्रवेश मिळाला. पोटासाठी नोकरी बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत. म्हणजे आपण कांदिवलीहून चर्चगेटला ज्या रुळांवरून लटकत जातो तीच रेल्वे. कंपनीच्या संघातून खेळायचं, हिंदू जिमखान्याकडून खेळायचं.

आज मरीन ड्राइव्हवर चर्नी रोडच्या अंगाने चालत गेलात तर पारशी, इस्लाम आणि हिंदू असे तीन जिमखाने एका रांगेत दिसतात. लग्नाच्या मांडवांमागे त्यांचं क्रिकेट लपलेलं असतं, पण त्या रांगेतच मुंबईच्या क्रिकेटचा नकाशा आहे. या भूखंडांचं वाटप धर्मवार झालं. गोरे आणि पारशी आधी खेळू लागले. मुसलमानांचा क्लब तय्यबजी आणि लुकमानी या बोहरा घराण्यांनी १८८३ मध्ये काढला. व्यापारी, शिकलेली, सधन मंडळी. त्या क्लबात रोलर कोण फिरवायचा, सरावाला चेंडू कोण टाकायचा, त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. आपल्या बाळूंची नावं आपण हरवली, की त्यांना कधी संघातच घेतलं नाही, हा प्रश्न मला हिंदू जिमखान्याच्या इतिहासापेक्षा जास्त छळतो. पुढे मुंबईकडून कोकणी मुसलमान पोरं खेळली, चिपळूणजवळच्या कालुस्त्याचे गुलाम पारकर १९८२ ला कसोटीपर्यंत गेले. पण ती फार पुढची गोष्ट.

फेब्रुवारी १९०६. मुंबईत हिंदूंचा युरोपियनांशी पहिला मोठा सामना. हिंदूंनी २४२ केल्या, युरोपियनांनी १९१. दुसऱ्या डावात हिंदू १६० आणि युरोपियन १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूंनी सामन्यात आठ बळी घेतले. धाकटे शिवरामही संघात होते. जपानने रशियाला हरवून वर्षही झालं नव्हतं, वंगभंगाचा भडका उडालेला होता. त्या हवेत या विजयाचा अर्थ क्रिकेटपुरता राहिला नाही. 'इंडियन सोशल रिफॉर्मर'ने त्यात दुहेरी विजय पाहिला, गोऱ्यांवरचा आणि जातीवरचा. मुंबईच्या जिमखान्यात तोवर हे भाऊ इतरांबरोबर बसून चहा-जेवण घेऊ लागले होते. पुण्याचं मातीचं भांडं मागे पडलं होतं, हे मान्य करायला हवं.

१९०७ पासून तिरंगी सामने सुरू झाले आणि १९१२ ला मुसलमानांचा संघ आला की चौरंगी. या तारखेच्या शेजारी दुसरी एक तारीख ठेवतो. मुसलमानांना विभक्त मतदारसंघ मिळाले ते १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांत. कौन्सिलात जशी धर्माची बाकं, तशीच मैदानावर. १९३७ ला त्यात 'इतर' नावाचा पाचवा संघ आला, त्यात ख्रिस्ती वगैरे. ही पद्धत मोडा म्हणून सतत लिहिणाऱ्यांत 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक सय्यद अब्दुल्ला बरेलवी होते, हे आपल्या लोकांनी विसरू नये. १९४० मध्ये गांधीजींनीही विरोधात मत दिलं. सामने शेवटी १९४६ ला बंद पडले.

बाळूंच्या कारकिर्दीचं शिखर मात्र मुंबईत नाही, इंग्लंडात आहे. १९११ च्या उन्हाळ्यात हिंदुस्थानचा पहिला संघ तिकडे गेला. कर्णधार पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय एकोणीस. संघात सहा पारशी, पाच हिंदू, तीन मुसलमान. तिघेही मुसलमान, नूर इलाही, सलामुद्दीन खान आणि शफकत हुसेन, अलीगढच्या वळणाचे. बघा ना, आपला खेळाडू कॉलेजातून येत होता आणि हिंदूंचा सर्वांत मोठा गोलंदाज रोलर ओढून. महाराज मोजकेच सामने खेळले, लंडनमध्ये राज्याभिषेकाची धामधूम होती. बाळू पस्तिशीत होते, खांदा दुखत होता, आणि टाकत होते. सगळ्या सामन्यांत मिळून ११४ बळी, सरासरी १८.८४. त्यातले ७५ प्रथम श्रेणीच्या सामन्यांत. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८. लीस्टरशायरला हरवलं त्यात बाळूंचे ११ बळी, सॉमरसेटला एका विकेटने हरवलं त्यात शिवरामचं नाबाद शतक. दौरा एकूण वाईटच गेला, २३ पैकी १५ सामने हरले. पण जे दोन काउंटी संघ हरले ते दोन चांभार भावांच्या हातून.

याच काळातला दक्षिण आफ्रिकेचा एक गोलंदाज मला बाळूंचा जोडीदार वाटतो. क्रोम हेंड्रिक्स. केपटाउनच्या मलाय खेळाडूंकडून तो १८९२ ला पाहुण्या इंग्रजांविरुद्ध खेळला, आणि त्याचा वेग पाहून इंग्रज थक्क झाले. १८९४ ला तिकडचा पहिला संघ इंग्लंडला निघाला तेव्हा रंगामुळे त्याला वगळलं. सामान सांभाळणारा म्हणून येतोस का, अशी भाषा झाली, त्याने ते धुडकावलं. अमेरिकेत बेसबॉलमध्येही तेच. मोझेस फ्लीटवूड वॉकर १८८४ ला वरच्या लीगमध्ये खेळला, मग दारं बंद झाली ती १९४७ ला जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत. त्या मानाने मुंबईने बाळूंना आत तरी घेतलं. आत घेतलं आणि एका उंबऱ्यावर थांबवलं.

तो उंबरा म्हणजे कर्णधारपद. १९१० पासून दर वर्षी मागणी होई आणि दर वर्षी ब्राह्मण कर्णधार नेमला जाई. १९१३ ला कर्णधार एम. डी. पै यांनी स्वतःच्याच सत्कारात सांगितलं की हा मान बाळूंचा होता, ते संघात सगळ्यांत जुने आहेत. सांगितलं खरं, पद मात्र घेतलं. मला पैंचा राग येत नाही, तेवढंही बोलणारे कमी असतात. पण बोलणं आणि सोडणं यात फरक आहेच.

डिसेंबर १९२० ला गोष्ट टोकाला गेली. खिलाफत आणि असहकाराचे दिवस. गांधीजी नागपुरात अस्पृश्यतेवर बोलत होते. मुंबईत पै आजारी पडले, तेव्हा पुण्याचे प्राध्यापक दि. ब. देवधर कर्णधार झाले आणि चव्वेचाळीस वर्षांचे बाळू तर संघातूनच गेले. आता वय झालं होतं हे कुणीही म्हणेल. पण त्यांचा धाकटा भाऊ विठ्ठल तेव्हा संघातला अनुभवी फलंदाज होता, त्यालाही डावललं. विठ्ठल आणि शिवराम दोघेही बाहेर पडले आणि जाहीर पत्रक काढून कारण सांगितलं: हा जातीचा निर्णय आहे. लोकमत त्यांच्या बाजूने गेलं. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यात पै परतले, भाऊ परतले, बाळूंना उपकर्णधार केलं. आणि सामन्यात पै काही वेळ मैदान सोडून गेले, म्हणजे त्या वेळेपुरते बाळू कर्णधार. बाळूंच्या वाट्याला कर्णधारपद आलं ते एवढंच. त्यानंतर ते मोठ्या सामन्यांत फारसे दिसले नाहीत. प्रथम श्रेणीत ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१. कसोटी मिळालीच नाही, हिंदुस्थान पहिली कसोटी खेळला तो १९३२ ला.

विठ्ठलला १९२३ मध्ये कर्णधारपद मिळालं आणि हिंदू जिंकले. १९२४ ला त्यांना हरवून मुसलमान जिंकले, पुढची दोन वर्षं पुन्हा विठ्ठलचे हिंदू. विठ्ठलने पुढे 'माझे क्रीडा-जीवन' नावाचं आत्मचरित्र मराठीत लिहिलं, १९४८ ला. बाळूंनी काही लिहिलं नाही.

राजकारणात बाळू आले ते नाव घेऊनच. १९११ हून परतल्यावर दलितांनी मुंबईत त्यांचा सत्कार केला, त्यात मानपत्र देण्यात वीस वर्षांचा भीमराव आंबेडकर पुढे होता असं सांगतात. बाबासाहेबांना त्या काळी बाळूंचा अभिमान होता. १९३२ ला मात्र बाळू विभक्त मतदारसंघांविरुद्ध उभे राहिले. पुणे कराराखाली सह्या आहेत त्यात पी. बाळू हे नाव आहे. येवल्याच्या धर्मांतराच्या घोषणेलाही त्यांनी विरोध केला. त्या वेळी बाबासाहेबांना आमच्या धर्मात या म्हणणाऱ्यांत मुसलमान पुढारीही होते. त्यातल्या कितींनी आपल्या घरातला कोनाडा पाहिला होता कुणास ठाऊक.

आणि १९३७ ला मुंबईच्या विधानसभेसाठी काँग्रेसने बाबासाहेबांसमोर उभं केलं ते बाळूंनाच. अनेकांना हे बाळूंचं चुकलेलं पाऊल वाटतं, काहींना वल्लभभाईंची खेळी. माझं मत विचाराल तर बाळू काँग्रेसचे प्यादे नव्हते. आत शिरून, आपल्या कामाने, हळूहळू जागा मिळवता येते हे त्यांनी स्वतःच्या हाताने पाहिलं होतं, मातीच्या भांड्यापासून चिनी कपापर्यंत. त्या अनुभवावर त्यांनी राजकारण केलं. बाबासाहेब त्याच अनुभवाचा दुसरा अर्धा भाग पाहत होते, कर्णधारपदाचा. निकाल असा लागला: आंबेडकर १३,२४५, बाळू ११,२२५.

४ जुलै १९५५ ला बाळू मुंबईत वारले.

गेल्या रविवारी चौकातल्या त्या पोराला मी हे सगळं सांगायला गेलो, गटारातून बॉल काढणाऱ्या. त्याने निम्मं ऐकलं आणि विचारलं, "अंकल, मग त्याला बॅटिंग कधी मिळाली?" मी म्हटलं, मुंबईत आल्यावर. तो म्हणाला, "आणि मला?" तेवढ्यात बॉल परत गटारात गेला.